हिरव्या शेतातील दुष्काळ : पाण्याचा ताण आणि पिकाची पेशी

सन २०२३ मध्ये कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर करण्यात आले. त्या वर्षीचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या देशव्यापी नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. याच काळात राज्याच्या शासकीय आणि वृत्तपत्रीय चर्चेत ‘हसिरु बर’ म्हणजे ‘हिरवा दुष्काळ’ हा शब्द वारंवार येऊ लागला. रस्त्यावरून पाहावे तर शेत हिरवेगार दिसते; बांध ओलांडून आत जावे आणि शेंग फोडून पाहावी तर दाणा भरलेलाच नाही, अशी ही अवस्था. महाराष्ट्रात ‘ओला दुष्काळ’ हा शब्द अतिवृष्टीसाठी रूढ आहे. हिरवा दुष्काळ त्याहून निराळा, आणि समजण्यास अधिक कठीण.

तो कठीण का, याचे एक कारण प्रशासकीय आहे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार दुष्काळ ठरविताना पाऊस, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा यांबरोबर उपग्रहाने टिपलेल्या वनस्पती-निर्देशांकांचाही आधार घेतला जातो. यांतील सर्वाधिक वापरला जाणारा निर्देशांक हा मुख्यतः पानांच्या हिरवेपणाचे मोजमाप आहे. तेव्हा पान हिरवे असेल तर पीक ठीक आहे, असे गृहीत या मोजमापात आपोआप शिरते. प्रत्यक्षात पान हिरवे असतानाच पीक बुडालेले असू शकते. हे कसे घडते याचे उत्तर शेतात उभे राहून मिळत नाही. त्यासाठी पेशीत डोकवावे लागते.

‘ताण’ या शब्दाविषयी

इंग्रजी पुस्तकांतील ‘ड्राउट स्ट्रेस’ या संज्ञेसाठी अभ्यासक्रमात ‘अवर्षण प्रतिबल’ यासारखे जड प्रतिशब्द आढळतात. त्यांची गरज नाही. ‘पिकाला पाण्याचा ताण बसला’, ‘बाग ताणावर सोडली’ असे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे, आणि शास्त्रीय अर्थही नेमका तोच आहे. सीमाभागातील वर्गात मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषांतून आलेले विद्यार्थी शेजारी बसतात. त्यांच्यासाठी शेतीची परिभाषा हा चांगला पूल ठरतो. जिरायत, बागायत, खरीप, रब्बी हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आणि कन्नडमध्ये स्थिरावलेले आहेत. खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबीअ म्हणजे वसंत. पीक हाती येण्याच्या ऋतूवरून हंगामांना ही नावे मिळाली. उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी पेशीला ‘खलिया’ आणि प्रकाशसंश्लेषणाला ‘जियाई तालीफ’ म्हणत असेल, तर तो शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहिण्यास काहीच हरकत नसावी.

पेशीतील दाब

वनस्पतीच्या पेशीला बाहेरून चिवट भित्तिका असते आणि आत पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका. रिक्तिकेत क्षार व शर्करा विरघळलेल्या असल्यामुळे परासरणाने पाणी आत येते आणि भित्तिकेवर आतून दाब पडतो. या दाबास स्फीती दाब म्हणतात. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक इतका तो असतो. कोवळे पान ताठ उभे राहते ते हाडामांसासारख्या सांगाड्यामुळे नव्हे, या पाण्याच्या जोरावर. पेशी वाढते तीही याच दाबाने: भित्तिका किंचित सैल होते, दाब तिला ताणतो, पेशी मोठी होते.

जमिनीत पाणी कमी झाले की मुळांना ते अधिक जोराने ओढून घ्यावे लागते. निपाणी-चिकोडी परिसरातील काळ्या जमिनीच्या बाबतीत येथे एक गंमत आहे. ती पाणी भरपूर धरून ठेवते, पण घट्टही धरते. वाफसा असताना पाणी सहज मिळते. ओल उतरत गेली की सूक्ष्म चिकणकणांना चिकटलेले पाणी सोडविणे मुळांना अवघड होत जाते. सुमारे पंधरा वातावरण दाबाइतकी ओढ लागू लागली की बहुतेक पिके कायमची कोमेजतात. त्या वेळी माती कोरडीठाक नसते. ढेकूळ फोडले तर आत थंडावा लागतो, पण ते पाणी पिकाच्या उपयोगाचे राहिलेले नसते.

पान कोमेजलेले दिसणे ही ताणाची सुरुवात आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. थिओडोर सियाव यांनी १९७३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखविले की ताणाचा पहिला आघात पेशीच्या वाढीवर होतो. प्रकाशसंश्लेषण मंदावण्याच्या किंवा पान मान टाकण्याच्या पुष्कळ आधी पेशी लांबायच्या थांबतात. महाविद्यालयात हे दाखविण्यास महागड्या उपकरणांची गरज नाही. जोंधळ्याच्या चार कुंड्या घ्याव्यात, दोहोंना रोज पाणी द्यावे, दोहोंचे तोडावे, आणि पोंग्यातून बाहेर येणाऱ्या कोवळ्या पानाची लांबी रोज ठरावीक वेळी पट्टीने मोजावी. पाणी तोडलेल्या कुंडीतील पान टवटवीत दिसत असतानाच मोजमापाचा आलेख सपाट होऊ लागतो. विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतो तो हा आलेख. व्याख्या परीक्षेनंतर विसरल्या जातात.

रंध्रे मिटतात ती कशी

पानावरील प्रत्येक पर्णरंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैल पडल्या की मिटते. ताण जाणवल्यावर त्या मिटतात, हे जुन्या पाठ्यपुस्तकांतही आहे. पण आज्ञा कोण देते हा प्रश्न बराच काळ अर्धवट सुटलेला होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रेडरिक ॲडिकॉट कपाशीची बोंडे का गळतात याचा, तर ब्रिटनमध्ये फिलिप वेअरिंग झाडांचे डोळे हिवाळ्यात सुप्त का राहतात याचा शोध घेत होते. दोघांच्या हाती लागलेले द्रव्य एकच निघाले. पुढे त्याचे नाव ॲब्सिसिक आम्ल असे निश्चित झाले. गळतीवरून पडलेले हे नाव खरे तर दिशाभूल करणारे आहे, कारण या संप्रेरकाचे मुख्य काम पाण्याची काटकसर हे आहे. गाजराला नारिंगी रंग देणाऱ्या कॅरोटीन वर्गातील द्रव्यांपासून वनस्पती ते तयार करते.

हे आम्ल पेशीत नेमके कोठे बसते, हे २००९ मध्ये उलगडले. यंत्रणा उलट्या पद्धतीची आहे. रक्षक पेशीत रंध्र मिटविणारे एक विकर सदैव तयार असते, पण दुसरे एक प्रथिन त्याला दाबून ठेवते. ॲब्सिसिक आम्ल आपल्या ग्राही प्रथिनाशी जुळले की ती जोडी या दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाला अडकवते. मोकळे झालेले विकर पेशीपटलावरील मार्ग उघडते, ऋण भाराचे कण बाहेर पडतात, पाठोपाठ पोटॅशियम जाते, त्यामागून पाणी जाते आणि रक्षक पेशी सैल पडते. प्रथम मुद्दाम अडवणूक आणि गरज पडताच ती अडवणूक दूर करणे, हा मार्ग लांबचा वाटतो. पण त्यामुळेच काही मिनिटांत निर्णय अमलात येतो, नवे प्रथिन घडविण्याची वाट पाहावी लागत नाही.

कोरड पडल्याची वार्ता मुळांकडून पानांकडे कशी जाते, याविषयीचे मतही बदलले आहे. मुळे स्वतः हे आम्ल तयार करून वर पाठवितात असे पूर्वी शिकविले जाई. आता त्याचा मोठा भाग पानांतच तयार होतो असे मानले जाते. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहान वनस्पतीत दाखविले की मुळांतून एक छोटे पेप्टाइड पानांपर्यंत जाते आणि तेथे आम्लाची निर्मिती सुरू करते. जुनी टिपणे वापरणाऱ्या अध्यापकांनी एवढा भाग बदलून घ्यावा.

मिटलेल्या दाराची किंमत

रंध्र मिटले की पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. पाणी देऊन कार्बन घेणे हा वनस्पतीचा मूळ व्यवहार आहे. तंबाखू, सोयाबीन, मटकी यांसारखी पिके कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे चारशे रेणू हवेत गमावतात. जोंधळा, मका, ऊस यांच्या पानांत कार्बन आधी साठवून मग वापरण्याची वेगळी रचना असल्याने हाच भाव दीडशे ते अडीचशेवर येतो. उसाला पाणी फार लागते हे खरे; पण ते तो वर्षभर शेतात उभा राहतो आणि प्रचंड वाढतो म्हणून. त्याची पेशी उधळी नाही.

व्यवहार थांबला तरी ऊन थांबत नाही. हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहते, आणि त्या ऊर्जेचा उपयोग करणारा कार्बन आत नसतो. मग हरितलवकातील इलेक्ट्रॉन प्राणवायूवर जाऊन आदळतात. सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी दाहक द्रव्ये तयार होतात. ती पटलातील स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांना इजा करतात. पेशीजवळ यावर उतारा असतो: सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज, कॅटालेज ही विकरे, क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन. भर उन्हाळ्यात पाण्यावाचून पान करपते, तेव्हा या उताऱ्याचा साठा संपलेला असतो. अल्प प्रमाणात मात्र हेच दाहक रेणू निरोप्याचे काम करतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘पुसा डीएसटी राइस १’ या जनुक-संपादित भात वाणाचा आधार असाच आहे. त्यात ‘डीएसटी’ हे नियंत्रक जनुक निकामी केले आहे. ते नसले की रक्षक पेशींत पेरॉक्साइड वाढते आणि रंध्रे अधिक मिटलेली राहतात.

मटकीचे जनुक, तंबाखूचे पान

निपाणीचे नाव ज्या पिकाशी जोडले गेले आहे ते बिडी-तंबाखू. धारवाड कृषी विद्यापीठाचे निपाणी येथील केंद्र याच पिकावर काम करत आले आहे. पावसाळ्यात लावण, नंतर काळ्या जमिनीच्या ओलीवर वाढ, शेंडा खुडणे, बगलफूट काढणे, उन्हात वाळविणे आणि वखारीत साठवण, हा त्याचा क्रम येथील मुलांना पाठ्यपुस्तकाशिवाय माहीत असतो. कोरड्या वर्षी पान लहान, जाड आणि कडक निघते. लहान यासाठी की पेशी लांबल्याच नाहीत. कडक यासाठी की ताणात पानातील निकोटिनचे प्रमाण वाढते. निकोटिन पानात नव्हे तर मुळांत तयार होते, हे रे डॉसन यांनी १९४२ मध्ये तंबाखू आणि टोमॅटो यांची एकमेकांवर कलमे करून सिद्ध केले होते.

आरोग्याच्या दृष्टीने या पिकाचे समर्थन करता येत नाही. पण पाण्याच्या ताणाविषयीचे आपले पुष्कळसे ज्ञान तंबाखूच्या पेशींवरच मिळाले आहे. कारण साधे आहे: तंबाखूच्या पेशी काचपात्रात सहज वाढतात आणि परके जनुक चटकन स्वीकारतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नरेंद्र सिंग, रे ब्रेसन आणि पॉल हासेगावा यांनी १९८० च्या दशकात तंबाखूच्या पेशी हळूहळू खारट द्रावणाला सरावविल्या. सरावलेल्या पेशींत एक प्रथिन इतके साठले की एकूण प्रथिनांचा सुमारे दहावा हिस्सा त्याचाच होता. त्याला ‘ऑस्मोटिन’ हे नाव मिळाले.

सीमाभागाच्या दृष्टीने त्याहून जवळची गोष्ट मटकीची आहे. ताण बसलेल्या पेशी प्रोलिन नावाचे अमिनो आम्ल साठवितात. मान टाकलेल्या राय गवतात ते वाढलेले १९५४ मध्येच आढळले होते. प्रोलिन पाण्यात भरपूर विरघळते आणि कितीही साठले तरी पेशीच्या कामात अडथळा आणत नाही. ते साठले की पेशीरस दाट होतो आणि कोरड्या मातीतूनही थोडे पाणी आत ओढता येते. शिवाय प्रथिनांची घडण टिकवून धरण्यासही त्याची मदत होते. आता हलक्या, कोरड्या माळावर तग धरणारे कडधान्य म्हणजे मटकी. ओहायो येथे देशपाल वर्मा यांच्या प्रयोगशाळेत मटकीतील प्रोलिन घडविणाऱ्या विकराचे जनुक वेगळे करण्यात आले. १९९५ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे पी. बी. कवी किशोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक तंबाखूत घातल्याचे प्रसिद्ध केले. या तंबाखूत नेहमीच्या १० ते १८ पट प्रोलिन तयार झाले. ताणातही तिची मुळे अधिक वाढली आणि फुलोरा चांगला आला.

या निष्कर्षावर लगेच आक्षेप आले, आणि ते शिकविण्याजोगे आहेत. १९९६ मध्ये एब्राहम ब्लुम, रॅना मन्स, जॉन पॅसिऊरा आणि नील टर्नर यांनी असे दाखवून दिले की प्रोलिनच्या त्या वाढीने पेशीरसाच्या दाटपणात पडणारा फरक फार थोडा होता. तेव्हा झाडे तगली असतील तर कारण दुसरे असावे. आज प्रोलिनचे काम पाणी ओढण्यापेक्षा पेशीचे रक्षण करण्याचे अधिक आहे, असे मत बळावले आहे. एक जनुक घातले आणि पीक दुष्काळमुक्त झाले, अशा बातम्या वाचताना हा वाद आठवावा. जोंधळा प्रोलिनबरोबर ग्लायसिन बिटेन हेही द्रव्य साठवितो. तंबाखूला ते नैसर्गिकरीत्या जमत नाही.

शाळू : पान राखणारे पीक

अथणी-रायबागकडे पाऊस कमी होत जातो तशी रब्बी जोंधळ्याची म्हणजे शाळूची शेते दिसू लागतात. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात मोठ्या क्षेत्रावर पेरला जातो. शाळू पेरल्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. जमिनीत साठलेल्या ओलीवर सारा हंगाम निघतो. त्यामुळे ताण येतो तो हमखास शेवटी, दाणा भरताना. पानावरचा मेणाचा पांढुरका थर, पान गुंडाळून घेणाऱ्या वरच्या बाजूच्या मोठ्या पेशी आणि खोल मुळे यांवर तो तगतो. तरीही ओल फारच उतरली की दाण्यासाठी धाटातील साखर उपसली जाते. धाट आतून रिकामे होते, जमिनीतील बुरशी त्यात शिरते आणि उभे पीक कोसळते. यालाच शेतकरी खडखड्या म्हणतात.

ज्या वाणांची पाने दाणा भरेपर्यंत हिरवी राहतात ते खडखड्याला कमी बळी पडतात. पान पिवळे पडणे ही केवळ झीज नसून पेशींनी ठरवून केलेली आवराआवर असते, आणि ती लांबविता येते, हे पुन्हा तंबाखूवरच दाखविले गेले. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील रोसा रिव्हेरो, एदुआर्दो ब्लुमवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अशी तंबाखू तयार केली की पान म्हातारे होऊ लागताच त्यात सायटोकायनिन हे तारुण्य टिकविणारे संप्रेरक तयार व्हावे. नेहमीच्या फक्त ३० टक्के पाण्यावरही तिच्या उत्पन्नात अगदी थोडी घट झाली.

दाणा केव्हा जातो

तेव्हा शाळूत हिरवे पान हे शुभलक्षण; मग सोयाबीनच्या हिरव्या शेतात दाणा का नाही? फरक ताण कोणत्या वेळी बसला यात आहे. गहू आणि भात यांच्यावरील अभ्यासात असे दिसते की परागकण घडत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्याही आधी, ताण बसला तर परागकोशातील साखर फोडणारे विकर मंदावते. परागात पिष्ट भरत नाही आणि तो वांझ राहतो. सोयाबीनमध्ये फुले व कोवळ्या शेंगा गळतात, कारण पानांकडून येणारी साखर कमी झालेली असते आणि त्यांच्या पेशी अजून विभागणीच्या नाजूक अवस्थेत असतात. पान पुन्हा पाणी मिळताच सावरते. परागकण आणि गळलेली शेंग सावरत नाहीत. सोयाबीनचा फुलोरा काही आठवडे चालत असल्याने थोडी भरपाई होते. मक्याला तेवढीही सवलत नाही. ऑगस्टमध्ये ताण बसला आणि सप्टेंबरमध्ये चार सरी आल्या, तर पाने हिरवी होतात, तणही माजते आणि उपग्रहाच्या निर्देशांकात शेत सुधारलेले दिसते. विहिरीत एकाच पाळीपुरते पाणी उरले असेल, तर ते पाने कोमेजण्याची वाट न पाहता फुलोरा आणि शेंगा धरण्याच्या वेळी द्यावे, हा कृषी विभागाचा सल्लाही याच कारणाने आहे.

हिरवेपणाखेरीज दूरून दिसणारी दुसरी खूण म्हणजे पानाचे तापमान. रंध्रांतून पाणी उडते तोवर पान थंड राहते. रंध्रे मिटली की पान तापते, आणि हे रंग बदलण्याच्या पुष्कळ आधी घडते. हातात धरायच्या अवरक्त तापमापीने दुपारी दोनच्या सुमारास पाणी दिलेले आणि न दिलेले अशा दोन वाफ्यांतील फरक टिपता येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१८ मध्ये बसविलेले ‘इकोस्ट्रेस’ हे उपकरण पिकांचे तापमान याच तत्त्वावर मोजते. त्याच्या चित्रातील एक ठिपका सुमारे ७० मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे जवळपास सव्वा एकराचा असतो. सीमाभागातील अनेक खातेदारांचे शेत त्याहून लहान आहे, आणि त्याच ठिपक्यात शेजाऱ्याचा पाण्यावरचा ऊसही येतो.